मास्तरांच्या खिशातला चाकू

पत्र : सर, नमस्कार. मी तासगाव तालुक्यात प्राथमिक शिक्षक आहे. घरची दीड एकर द्राक्षबाग आहे. माझ्या आजोबांच्या कोपरीच्या खिशात कायम एक घडीचा चाकू असायचा, पितळी मुठीचा, बोटाएवढा. त्यानंच पेरू कापायचा, त्यानंच सुतळी, त्यानंच आमच्या पेन्सिलींना टोक काढायचं. तसा एक चाकू मला रोजच्या वापराला हवा आहे. मोबाईलवर बघायला गेलो तर अडीचशे रुपयांपासून दहा हजारांपर्यंत ढीगभर चाकू. एक साडेचारशेचा मागवला. दिसायला रुबाबदार होता, पण महिन्यात पातं डुगडुगायला लागलं. बायको म्हणते, मास्तर माणसाच्या खिशात चाकू शोभतो का, आणि पोलिसांनी धरलं म्हणजे? चांगल्यातला पण जुन्या धाटणीचा कोणता घ्यावा? आजोबांचा चाकू माळ्यावर गंजून पडला आहे, त्यामुळे नवाच घ्यावा लागणार.
— एक वाचक, तासगाव

उत्तर :

मास्तर, नमस्कार.

आजोबांच्या चाकूचं वाक्य तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता टाकलंय. मला खरं तर तिथूनच सुरुवात करायची होती. पण तुम्ही विचारलंय नव्याबद्दल, तेव्हा आधी नव्याचं बघू. जुन्यावर येतोच.

चाकू घ्यायचा म्हटलं की माणूस चाकू बघत बसतो, आपण दिवसभर काय कापतो ते बघत नाही. तुमच्या टाचण वहीच्या शेवटच्या पानावर आठवडाभर लिहून ठेवा, चाकूची आठवण कधी कधी झाली ते. मी इथं बसून अंदाज सांगतो : खताच्या पोत्याची शिवण, ठिबकची नळी, बेदाण्याच्या शेडवरची सुतळी, कुरिअरच्या खोक्याची चिकटपट्टी, पेरू, काकडी. यातल्या एकाही कामाला तीन-सव्वातीन इंचांपेक्षा लांब पातं लागत नाही. त्याहून मोठा चाकू खिशात टोचतो, मग तो ड्रॉवरमध्ये जातो आणि ऐन वेळी आपण पुन्हा दातानंच सुतळी तोडतो.

बागेची कामं यात धरू नका. छाटणीला सिकेटर आहे. डॉगरिजच्या (द्राक्षाच्या कलमासाठी लावतात त्या वेलीच्या) खुंटावर कलम करायचा चाकू वेगळाच. त्याची धार एकाच बाजूनं काढलेली असते, दुसरी बाजू सपाट. म्हणून काप सरळ येतो आणि काडी खुंटाला घट्ट बसते. त्या चाकूनं पेरू कापू नका आणि पेरूच्या चाकूनं कलम करू नका. एकाच चाकूत कात्री, करवत, पाना, शिट्टी आणि बॅटरी देणारे जे प्रकार तुम्ही मोबाईलवर बघितले असतील, ते म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या.

आता पात्याची जाडी. बहुतेक फसगत इथंच होते, पण जाहिरातीत जाडीबद्दल कुणी बोलत नाही. तो साडेचारशेचा चाकू घरात असेल तर पट्टी घेऊन पात्याची पाठ मोजा. बहुतेक तीन मिलिमीटरच्या पुढंच भरेल. जुन्या धाटणीच्या चांगल्या चाकूचं पातं पाठीला दीड ते अडीच मिलिमीटर असतं आणि तिथून धारेपर्यंत सारखं निमुळतं होत जातं. फरक बघायचा असेल तर एक कडक गाजर घ्या. जाड पातं अर्ध्यात गेलं की गाजर टक् करून तडकतं. ते कापलं गेलेलं नसतं, पाचर ठोकून लाकूड फोडावं तसं फुटलेलं असतं. पातळ पातं आवाज न करता खाली पाटाला टेकतं आणि चकतीची दोन्ही तोंडं ओली, गुळगुळीत दिसतात. जाड पात्याचा चाकू हातात भारदस्त वाटतो हे खरं. पण आपल्याला हातात धरून फोटो काढायचा नाही.

दुसरी गोष्ट सांध्याची. तुमच्या आजोबांच्या चाकूला बहुधा कुलूप नसणार. जुन्या घडीच्या चाकवाच्या पाठीत एक पोलादी पट्टी असते, तीच त्याची स्प्रिंग. पातं उघडताना पट्टी किंचित उचलली जाते आणि शेवटाला टक् करून खाली बसते. पातं उभं राहतं ते नुसत्या पट्टीच्या दाबावर. याला स्लिपजॉइंट म्हणतात. रोजच्या कापाकापीला हा उत्तम, कारण कापताना जोर धारेवर पडतो आणि पातं उघडंच राहतं. जोर टोकावर पडला की मात्र ते मिटतं. मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला शिल्प निदेशक होतो, पोरांना सुरक्षिततेचे धडे देणारा माणूस, आणि मीच एकदा घरी तेलाच्या प्लॅस्टिकच्या डब्याला अशा चाकवाच्या टोकानं भोक पाडायला गेलो. डबा वाकला, टोक सरकलं, पातं तर्जनीवर मिटलं. पेरावर अजून पांढरी रेघ आहे. टोचायचं काम बिनकुलपी चाकवाला सांगायचं नाही, त्याला दाभण आहे.

ही भीती नको असेल तर फ्रान्सचा ओपिनेल बघा. साव्वा नावाच्या डोंगरी मुलखात जोसेफ ओपिनेलनं तो १८९० साली केला. बीच लाकडाची गोल मूठ, एक पातं, बस्स. १९५५ पासून त्याच्या गळ्याशी एक पोलादी कडं आहे. पातं उघडायचं, कडं फिरवायचं, पातं अडकलं. याहून साधं कुलूप मी पाहिलेलं नाही, आणि त्यात बिघडण्यासारखं काही नाही. त्याला लहान-मोठ्या मापाप्रमाणं नंबर असतात. सातव्या नंबरचं पातं ८ सेंटिमीटर, आठव्याचं साडेआठ. पात्यावर मुकुट आणि हाताची खूण असते. शेतकऱ्यांसाठी केलेला चाकू आहे आणि तसाच दिसतो.

त्याची खोड एकच, आणि ती आपल्याकडं जास्त जाणवते. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि पातं मुठीत अडकून बसतं. जुलैत कधी कोयनेकडं गेलात तर नखानं ओढून ओढून नख जाईल. त्यावर साव्वाकडच्यांचीच युक्ती आहे : मूठ धरून तिचं मागचं टोक कट्ट्यावर हलकेच आपटायचं. पात्याची पाठ आपसूक वर येते. पाण्यात बुडवून धुवायचा नाही, पुसायचा. एवढं पाळलं की झालं.

स्वित्झर्लंडचा लाल चाकू सगळ्यांना माहीत असतो. कार्ल एल्सनरनं १८८४ मध्ये कारखाना काढला, १८९१ मध्ये तिथल्या सैन्याला चाकू पुरवले आणि १८९७ मध्ये आज आपण ओळखतो तो अनेक पात्यांचा अधिकाऱ्यांचा चाकू आला. आता त्या कारखान्याचं नाव व्हिक्टोरिनॉक्स. त्याचा मधला, ९१ मिलिमीटरचा, दोन पात्यांचा साधा प्रकार घ्या. त्यात बाटलीचं बूच काढायचा स्क्रूही येतो. मास्तरांना तो कशाला, असं वहिनी विचारतीलच. ओली सुतळी वाळून बसलेली गाठ सोडवायला त्याच्याइतकं चांगलं हत्यार नाही, असं सांगा. प्लॅस्टिकच्या मुठीत एक बारीक चिमटा खोचलेला असतो. बाभळीचा काटा त्यानं निघतो. मुठीचे पत्रे अॅल्युमिनियमचे असलेला प्रकार दिसायला जास्त देखणा आणि दणकट आहे, पण त्यात चिमटा नसतो, तेव्हा घेताना बघून घ्या.

तिसरा जपानचा, हिगोनोकामी. ह्योगो प्रांतातल्या मिकी गावचा. त्याला ना स्प्रिंग, ना कडं. पितळी पत्रा दुमडून मूठ केलेली, पात्याच्या बुडाशी एक छोटी शेपटी. उघडल्यावर ती शेपटी अंगठ्याखाली दाबून धरायची, तेवढंच त्याचं कुलूप. तुमच्या आजोबांच्या पितळी मुठीचं वर्णन वाचून मला आधी तोच आठवला. सुंदर वस्तू आहे, पण पहिला चाकू म्हणून तुम्हाला मी तो सांगणार नाही. घरात लहान मुलं असतील तर नकोच.

बटण दाबलं की झपकन उघडणारा, खटक्याचा चाकू तर मुळीच नको. रामपूरच्या चाकवांचं नाव हिंदी सिनेमानं इतकं वाजवून ठेवलंय की तो खिशातून निघाला की पेरूकडं कुणी बघत नाही, सगळे तुमच्याकडं बघतात.

पोलादाबद्दल लोक फार वाद घालतात. आपल्याला लागेल तेवढंच सांगतो. लोहार "पाणी दिलंय" म्हणतो, त्याचा अर्थ असा : पोलाद लालभडक, साधारण ८०० अंशांपर्यंत तापवलं आणि पाण्यात किंवा तेलात विझवलं. त्यानं ते कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही होतं. म्हणून ते पुन्हा थोडंसं तापवून उतरवतात. आमची पोरं छिन्नी करायची तेव्हा हे डोळ्यांनी दिसायचं. घासून चकचकीत केलेल्या पोलादावर आधी फिकट हळदीचा रंग चढतो, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. चाकवाच्या धारेला हळदीच्या आसपास थांबवायचं. निळं झालेलं पोलाद स्प्रिंगच्या कामाचं, धारेच्या नाही. हा निळा रंग लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

साध्या कार्बन पोलादाला धार लवकर लागते आणि चरचरीत लागते. पण कैरी, लिंबू, कांदा लागला की पातं काळपट-निळसर पडतं. त्याला घाबरू नका, तो गंज नव्हे. तांबूस दिसायला लागलं की मात्र गंज. स्टेनलेसमध्ये क्रोमियम असतं, बारा-तेरा टक्के किंवा त्याहून जास्त, म्हणून ते गंजायला वेळ लावतं. तुम्ही बागेतून थेट शाळेत जाणारे, चाकू ओला तसाच खिशात टाकणारे, असं मी धरून चालतो. रागावू नका, मीही तसाच आहे. पहिला चाकू स्टेनलेसचा घ्या. ओपिनेल दोन्ही पोलादांत मिळतो. तुमच्यासाठी सातवा नंबर, स्टेनलेस. माझा कौल तोच.

आणि पात्यावर "जपान स्टील", "४४०" असलं काही छापलंय म्हणून भुलू नका. नागमोडी लाटांची नक्षी दाखवून डमास्कस, म्हणजे थरांवर थर ठोकून केलेलं पोलाद, म्हणून विकतात, त्यातल्या स्वस्तातल्या पुष्कळशा नक्ष्या नुसत्या वरून उठवलेल्या असतात. बारीक पॉलिश पेपर दोनदा फिरवला की लाटा ओसरतात. नामांकित चाकवांच्याही नकला बाजारात असतात, तेव्हा शक्यतो दुकानात जाऊन हातात घेऊनच घ्या.

हातात घेतल्यावर काय बघायचं? पातं मिटलेलं असताना वरून बघा, मधोमध बसतंय की एका बाजूच्या पत्र्याला घासतंय. उघडून, टोकाशी दोन बोटांत धरून डावी-उजवीकडं हलवा. बोटांना जरासुद्धा खटखट जाणवली तर ठेवून द्या. नवा असताना हलतो तो महिन्यात डुगडुगतो, तुमचा अनुभव ताजा आहे. स्प्रिंगचा असेल तर चाकू उजेडाकडं धरून पाठीची पट्टी आणि बाजूचे पत्रे यांच्यामधून प्रकाश दिसतो का बघा. मग उघडमीट करा. नख तुटेल इतका घट्टही नको आणि उलटा धरून झटकला तर उघडेल इतका सैलही नको. मिटतानाचा आवाज ऐका. स्वच्छ टक् आला पाहिजे. त्याच्या पाठोपाठ दुसरा बारीक खण्ण ऐकू आला तर धार आतल्या पट्टीवर आपटतेय. असला चाकू रोज मिटताना स्वतःच स्वतःची धार मारत राहतो.

पैसे राखून ठेवा ते दगडासाठी. हार्डवेअरच्या दुकानात कार्बोरंडमचा दगड मिळतो, एक बाजू जाड, एक बारीक. नवा चाकू आणि दगड एकाच दिवशी घ्यायचा. दगड नसेल तर कुठलाही चाकू तीन महिन्यांत बोथट होतो आणि मग माणूस म्हणतो, कंपनीनं फसवलं.

चाकावर धार लावून देणाऱ्याकडं देऊ नका, हे मी पोळल्यावर सांगतोय. माझा एक चांगला चाकू मी असाच बाजारात एकाकडं दिला. कोरडं चाक, ठिणग्यांचा पाऊस, दोन मिनिटांत काम. घरी येऊन चष्मा लावून बघतो तर टोकाकडच्या इंचभर धारेवर निळी झाक. त्या माणसाचा दोष नाही, तो दिवसभर विळ्या आणि कात्र्या करतो, त्याला वेग हवा. पण तेवढी धार उतरून मऊ झाली ती झालीच. ती निळी कड घासून काढून खालचं चांगलं पोलाद लागेपर्यंत मला दोन रविवार लागले, आणि पातं तेवढं अरुंद झालं ते वेगळंच. विळीला चालतं. पातळ पात्याला नाही.

तुमच्यापासून तासाभरावरच्या मिरजेत धारेची विद्या वेगळ्या वळणानं टिकली. तिथले शिकलगार तलवारी, कट्यारींना धार आणि पाणी देणारे. एकोणिसाव्या शतकात हत्यारांना गिऱ्हाईक उरलं नाही तेव्हा त्यांच्यातल्या काही घराण्यांनी भोपळे आणि लाकूड हातात घेतलं आणि सतार, तंबोरे घडवायला सुरुवात केली. फरीदसाहेब सतारमेकर हे त्यांच्यातलं आद्य नाव. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. कधी तिकडं गेलात तर कारागिराचा हात कसा चालतो ते जरा उभं राहून बघा. घाई नसते. दगडावर चाकू तसाच चालवायचा.

पद्धत अशी. दगड दहा मिनिटं पाण्यात ठेवा आणि ओल्या फडक्यावर मांडा, म्हणजे सरकत नाही. पातं दगडावर काटकोनात उभं धरा, निम्मं कलतं करा, त्याच्याही निम्मं करा, आणि अजून थोडं खाली. झाले पंधरा-वीस अंश. तुम्ही गणित शिकवत असाल तर मुलांनाही दाखवायला बरं. कोन बरोबर आहे का कळत नाही, ही सगळ्यांची तक्रार असते. त्यावर तुमच्या टेबलावरच औषध आहे. मार्कर पेनानं धारेची कड काळी करा आणि दगडावर दोनदा फिरवून बघा. शाई धारेच्या अगदी काठावरून पुसली गेली तर कोन बरोबर. काठ काळाच राहिला आणि वरून पुसली गेली तर पातं जास्त आडवं धरताय.

आता दगडाचा पातळ काप काढायचाय असं समजून धार पुढं ठेवून पातं सरकवा, बुडापासून टोकापर्यंत. दाब वर्तमानपत्र इस्त्री करावं इतकाच. एकाच बाजूनं वीस-पंचवीस वेळा झालं की दुसऱ्या बाजूला अंगठ्याचं पेर पाठीकडून धारेकडं, आडवं, अलगद फिरवा. धारेच्या लांबीनं कधी फिरवू नका, रक्त येईल. बोटाला बारीकशी खरखर लागेल, पोलादाची केसाएवढी कड पलीकडं उलटलेली असते. ती बुडापासून टोकापर्यंत सलग लागली पाहिजे. लागली की बाजू बदलायची. मग दगडाची बारीक बाजू, तोच खेळ, कमी दाबानं. शेवटी जुन्या कातडी पट्ट्यावर, धार मागं ठेवून, दहा-दहा वेळा. प्रवासात दगड नसेल तर चिनी मातीचा कप उलटा करा. बुडाशी चकाकी नसलेली खरखरीत गोल कड असते, ती बारीक दगडाचं काम करते.

पिकलेला टोमॅटो ठेवून त्यावर चाकू नुसता टेकवून ओढा, दाबू नका. साल फाटली तर काम झालं.

देखभालीचं थोडक्यात. बेदाणे, द्राक्षं, ऊस यांची साखर सांध्यात जाते आणि आठवड्यात तिचा डिंक होतो. स्टेनलेसचा असेल तर कोमट पाण्यात उघडमीट करून धुवायचा आणि उन्हात उघडा वाळवायचा. लाकडी मुठीच्याचा सांधा ओल्या फडक्यानं पुसायचा. सांध्यात एक थेंब तेल. शेंगतेल नको, ते चिकट होतं. मेडिकलमध्ये लिक्विड पॅराफिन मिळतं, ते घ्या, पातं फळाला लागलं तरी चिंता नाही.

वहिनींच्या दोन्ही शंका रास्त आहेत, त्यांना हसण्यावारी नेऊ नका. केंद्राच्या शस्त्र नियमांत परवान्याच्या यादीत येतात ती ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारं, आणि घरगुती, शेतीच्या वापरासाठी केलेली त्यातून वगळली आहेत. तुमचा तीन इंची चाकू त्यात बसत नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चं कलम ३७(१) आहे. सण, निवडणूक, मोर्चे असले की त्याखाली जिल्ह्यात आदेश निघतात, पेपरात छोट्या चौकटीत येतात, आणि त्यात काठ्या-लाठ्यांबरोबर सुरेही असतात. तेवढे दिवस चाकू बागेतल्या शेडमध्ये राहू द्या. मिरवणुकीत, सभेत, कोर्टात, कलेक्टर कचेरीत खिशात नेऊच नका. विमानात हातातल्या बॅगेत चालत नाही. आणि शाळेत तर अजिबात नको, मास्तर. कायदा काय म्हणतो ते सोडा, चौथीतल्या पोरानं तुमच्या खिशातला चाकू बघितला की दुसऱ्या दिवशी तीन दप्तरांत तीन ब्लेडं येतील. पेन्सिलीला शार्पनर आहे.

घरात एक रीत मात्र पाळा. सुरी हातातून हातात देऊ नये, खाली ठेवावी, दुसऱ्यानं उचलावी, नाही तर भांडण होतं असं आमची आई म्हणायची. भांडणाचं मला माहीत नाही, पण बोटं शाबूत राहतात.

आता माळ्यावरचा. नवा मागवायच्या आधी तो खाली काढा. पातं उघडत नसेल तर जबरदस्ती करू नका. एका वाटीत डिझेल घेऊन दोन दिवस बुडवून ठेवा, मग पात्याची पाठ फडक्यात धरून सावकाश हलवा. उघडला की बारीक पॉलिश पेपरला तेल लावून वरचा लाल थर काढा. चकचकीत करायच्या मागं लागू नका. खाली काळं, गुळगुळीत पोलाद दिसलं तर चाकू वाचला. खोल खड्डे धारेपर्यंत गेले असतील तर नाही. मग पात्याच्या अगदी बुडाशी, जिथं धार नसते तिथं, कानशीची कड हलकेच ओढा. भुसभुशीत कीस पडला तर पातं मऊ आहे, फोटोशेजारी ठेवायच्या कामाचं. कानस घसरली, नुसती कुरकुरली, तर कुणीतरी पाणी नीट दिलेलं आहे आणि ते अजून उतरलेलं नाही.

पातं हलत असेल तर खिळा सैल झालाय. खालचं डोकं ऐरणीवर टेकवून वरच्या डोक्यावर बॉलपीन हातोडीनं टिचक्या मारायच्या, दोन टिचक्या की उघडून बघायचं, पुन्हा दोन. जास्त ठोकलं तर घट्ट होऊन बसेल. हात बसला नसेल तर गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याला किंवा लोहाराला द्या, पण शेजारी उभे राहा. पितळी मूठ पॉलिशनं घासू नका. डिझेलचा वास जाईपर्यंत साबणानं धुवा, सांध्यात तेल सोडा.

एवढं करून तो उभा राहिला तर ओपिनेलचे पैसे वाचले, नुसता दगड घ्या. नाही राहिला तर सातवा नंबर सांगितलाच आहे. आणि घरात मोठं कुणी असेल तर विचारून ठेवा, आजोबा धार कशावर लावायचे. विहिरीजवळ किंवा गोठ्याच्या दारात मध्ये खोलगट झिजलेला एखादा कुरुंदाचा दगड निघेल. कोयत्याला, खुरप्याला तो ठीक आहे. चाकवाला नको, त्या खळग्यात पात्याचं पोट गोल होतं.

महिन्याभरानं कळवा. फोटो नकोत. टोमॅटोचं काय झालं तेवढं लिहा.